टोपीवरून घेतलेलं माप

मध्य भारत हे राज्य संपून राजधानी भोपाळला गेली, त्या वर्षीच्या मार्गशीर्षात एका दुपारी, लष्कर शहरातल्या खासगी बाजारातल्या पगडीच्या दुकानात एक बिघडलेली पगडी माझ्या डोक्यावर ठेवून मला उंबऱ्यावर उभं करण्यात आलं. दुकान बंद होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असा हुकूम होता.

पगडी नवरदेवाची होती. चंदेरी विणीच्या कापडाची, केशरी रंगाची. दाल बाजारातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलासाठी केलेली. मुलाच्या डोक्यावर ठेवली तेव्हा ती भुवयांखाली उतरली. माझ्या डोक्यावर ती नाकापर्यंत आली.

हुकूम दुकानाचे मालक भाऊसाहेब यांचा होता. पगडी त्यांनी स्वतः ठेवली नाही. ती कारकुनाला ठेवायला लावली.

"बघू दे सगळ्यांना," भाऊसाहेब म्हणाले, "कोणाच्या हातची करामत आहे ती."

रस्त्यावरची माणसं थांबली. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"अरे देखो, लुगाई दूल्हा बनी है!"

"घोड़ी कहाँ है इसकी?"

बाई दूल्हा झाली, म्हणून हसणं झालं. आतून बापूंचं हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं. बापू म्हणजे भाऊसाहेबांचे पुतणे. दुकानातल्या गादीवर ते बसत.

मी हात वर केला नाही. पगडीच्या आत माझ्याच खळीचा वास होता. तांदळाची खळ मी पहाटे शिजवली होती. अस्तर मी शिवलं होतं. आत बोट घालून मी शिवण चाचपली. ती मापाच्या दोरीच्या गाठीला बरोबर धरून होती. चूक माझी नव्हती. मग कोणाची होती, ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं.

भाऊसाहेब दक्षिणी, म्हणजे मराठी मुलखातून आलेले, ब्राह्मण. तीन पिढ्या दरबारात. ते स्वतः जामदारखान्यात, म्हणजे दरबाराचे पोशाख आणि पगड्या ठेवण्याच्या खात्यात, अधिकारी होते. आम्हीही दक्षिणेकडूनच आलेले, पण पागेतले. माझा नवरा दरबारच्या पलटणीत घोडेस्वार होता. संस्थान विलीन झालं तेव्हा पलटणीतली काही माणसं नव्या फौजेत घेतली, काही घेतली नाहीत. त्याला घेतलं नाही. तो हजीऱ्याला एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाला. मी खळ शिजवायला भाऊसाहेबांकडे लागले.

खातं आटलं तेव्हा भाऊसाहेबांनी खासगी बाजारात दुकान काढलं. घरी बसवलेल्या कारागिरांना बोलावलं. लोक त्यांचं कौतुक करत, आणि ते खरंही होतं. त्यांनी बोलावलं नसतं तर काहींच्या चुली बंद पडल्या असत्या. पण दुकान काढताना त्यांनी खातंच्या खातं उचलून आणलं. समोर पांढरी बिछायत, तिच्यावर गादी आणि लोड. ती बापूंची. बिछायतीच्या खाली सतरंजी. तिच्यावर पगडी गुंडाळणारे, त्यांत म्हातारे रहीमचाचा. सतरंजीच्या मागे जाड पडदा. पडद्यामागे उघडी फरशी, मोरी, चूल. तिथे मी आणि अस्तर शिवणाऱ्या दोन बायका. दुकानात माझं नाव खळवाली होतं. दुसरं नाव आठ वर्षांत कुणी विचारलं नाही.

काम असं चालायचं. गिऱ्हाईक बापूंशी बोलायचं. बापू डोक्याच्या मापाच्या दोरीला गाठ मारायचे. कारकून चिठ्ठी लिहायचा, तिला दोरी बांधायचा, त्यावर बापूंची सही घ्यायचा. चिठ्ठी सतरंजीवर जायची, तिथून पडद्याखालून आमच्याकडे यायची. अस्तर तयार झालं की पुन्हा पडद्याखालून वर. गुंडाळणी झाली की परत मागे, खळीसाठी. मग वर. शेवटी कपाळावरचं टोक. ते फक्त बापू वळवायचे. पगडी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवायची ती बापूंनीच. मागच्या माणसाने गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. मला एखादी दोरी आखूड वाटली तर मी सतरंजीला सांगायचं, सतरंजीने कारकुनाला, कारकुनाने बापूंना. बापू दुपारी झोपायचे. तोवर पगडी तशीच पडून राहायची.

लोक म्हणतात, पगड्यांचे दिवस गेले म्हणून ते दुकान बुडालं. मी मागे होते. विलीनीकरणानंतर सरदारांची मागणी गेली, हे खरं. पण लग्नं गेली नव्हती. व्यापाऱ्यांच्या, ठेकेदारांच्या, नव्या बाबू लोकांच्या घरी दरबारी पगडीची हौस तेव्हाच सुरू झाली होती. पूर्वी त्यांना ती घालायची सोय नव्हती. आता होती. चिठ्ठ्या पडून राहायच्या, पगड्या परत यायच्या. परत आलेली पगडी फरशीवर माझ्यासमोर टाकली जायची. "खळ पातळ झाली." "अस्तर ढिलं." मी पुन्हा करायचे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जुन्या दक्षिणी घरांतल्या पगड्या परत येत नसत. व्यापाऱ्यांच्या येत. खळ एकच, हात तेच. मी ते सतरंजीला सांगितलं. पुढे ते कुठवर गेलं, माहीत नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. मला बापूंचा हेवा वाटायचा.

अन्यायाची चीड नव्हती ती. चीड पुष्कळ नंतर आली. हेवा होता. त्यांची नखं स्वच्छ असायची. माझी खळीने चिरलेली. त्यांना चहा कपबशीत यायचा. पडद्याला एक भोक होतं, त्यातून मला त्यांच्या हातापुरतं दिसायचं. टोक वळवताना त्यांचा अंगठा डावीकडे सरकायचा, त्यामुळे टोक किंचित कलायचं. गिऱ्हाईक वा वा करायचं. मी घरी पालथ्या तांब्यावर जुनं धोतर गुंडाळून टोक वळवायचे. माझं कलत नव्हतं. हे कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याला होतं.

"काय करून राहिली?" तो विचारायचा. "तांब्याचं लग्न आहे का?"

"बापूंपेक्षा बरं आहे ना?"

"बरं असून काय? तांब्या पैसे देतो?"

पण सगळ्यांत जास्त हेवा वेगळ्याच गोष्टीचा होता. पगडी ठेवताना गिऱ्हाइकाला मान खाली घालावी लागते. मोठमोठी माणसं बापूंसमोर मान खाली घालायची. बापू फक्त हात पुढे करायचे. भोकातून मला ती झुकलेली डोकी दिसायची. मला तेच हवं होतं. गादी हवी होती. बापूंना उठवून मी तिथे बसले आहे असं मी खळ ढवळताना रोज बघायचे. त्या चित्रात रहीमचाचा सतरंजीवरच असायचे. फरशीवर दुसरी कुणी बाई असायची. ती कोण, हे मी कधी बघितलं नाही.

उंबऱ्यावर उभं राहून बराच वेळ झाला. पाय भरून आले. मान मोकळी करायला मी हनुवटी वर केली, तेव्हा पगडीच्या कडेखालून दुकान दिसलं. आठ वर्षांत मी दुकान समोरून पाहिलं नव्हतं. मागच्या दाराने यायचं, मागच्या दाराने जायचं.

एक गिऱ्हाईक आलं. साधा माणूस, डोक्यावर काळी टोपी. बापूंनी दोरीचं एक टोक स्वतःकडे धरलं, दुसरं त्याच्याकडे टाकलं. माणसाने दोरी आपल्या डोक्याभोवती आपणच फिरवली. टोपी काढली नाही. बापू दुरूनच म्हणाले, "बस, इतकं." आणि गाठ मारली.

पडद्याच्या भोकातून एवढं कधी दिसलं नव्हतं. टोपीवरून माप.

मग उलगडा झाला. दरबारात बापूंच्या घराण्याचा हात फक्त दक्षिणी सरदारांच्या डोक्याला लागायचा. इतरांची मापं खालचे लोक घ्यायचे. दुकानात खालच्या लोकांना गिऱ्हाइकासमोर यायची बंदी, आणि बापू व्यापाऱ्याच्या डोक्याला माप घेताना हात लावत नव्हते. पगडी ठेवताना लावत, कारण ठेवणं हा मान होता. माप घेणं हे काम होतं. मग माप कोण घेत होतं? कुणीच नाही. गिऱ्हाईक आपल्या हाताने, टोपीवरून, फेट्यावरून, जसं जमेल तसं. सरदार गेले, पलटण गेली, राज्य गेलं. हा एक नियम मात्र दुकानात गादीसोबत बसून राहिला होता.

नवरदेवाचे वडील आत बसले होते. त्यांना दुसरी तयार पगडी देतो असं सांगितलं होतं. त्याची चिठ्ठी आत गेली होती. सहीसाठी परत आली होती. पुन्हा आत गेली होती.

"भाईसाहब, दिया-बत्ती पे बारात है," ते म्हणाले. "और इस बेचारी को क्यों खड़ा कर रखा है?"

"तुम्ही मध्ये पडू नका, शेटजी. मागचं काम बिघडलं. आमच्याकडे शिस्त आहे."

मी पगडी काढली. आत गेले. बिछायतीवर पाय पडला. बिछायत मऊ असेल असं मला वाटायचं. खाली फरशीच होती.

"खळवाली!" बापू ओरडले. "पाय बघ तुझे!"

मी कारकुनासमोर पडलेली, बिघडलेल्या पगडीची जुनी चिठ्ठी उचलली. तिला बांधलेली दोरी सोडली. नवरदेव बापाशेजारी बसला होता, वीस-बावीसचा मुलगा, हळदीचे हात. त्याच्या डोक्यावर टोपी होती.

"टोपी काढा," मी म्हणाले.

त्याने बापाकडे बघितलं. बापाने मान हलवली. त्याने टोपी काढली. मी दोरी त्याच्या कपाळावरून, कानांच्या वरून मागे नेली. गाठ पुढे चार बोटं उरली. मी ती चार बोटं चिमटीत धरून उभी राहिले.

मग रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं, "नाप ही ग़लत है भाई."

"माप कुणी घेतलं, ते विचारा," मी म्हणाले.

भाऊसाहेबांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "इथे प्रश्न वरून खाली येतो, बाई. खालून वर जात नाही. मागे जा."

"नाही जाणार."

एवढंच बोलले. मी पगडी घेऊन उंबऱ्यावर बसले. ज्या जागी उभी होते, तिथेच. मागची शिवण उसवली. चार बोटं आत घेतली. पुन्हा टाके घातले. शिवण ओढल्याने टोक मोडलं होतं. तोंडातलं पाणी लावून ते ओलं केलं आणि वळवलं. रस्त्यावरची माणसं आता हसत नव्हती. काहीजण जवळ येऊन बघत होती. रहीमचाचा सतरंजीवरून उठले आणि सुईसाठी दुसरा दोरा आणून दिला. ते उठले, एवढंच.

ऊन समोरच्या भिंतीवर चढायच्या आत काम झालं. नवरदेव उंबऱ्यापाशी आला. मी दोन्ही हातांनी पगडी धरली. त्याने मान खाली घातली.

पगडी बसली.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते असं: हे बापूंना रोज मिळत होतं. आठ वर्षं, रोज.

भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की येण्याची गरज नाही. मी जाणारही नव्हते.

हजीऱ्याला, गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक खोली भाड्याने घेतली. दाल बाजारातल्या त्या शेटजींनी ओळखीचे लोक पाठवले. तीन महिन्यांनी रहीमचाचा आले. "वहाँ दम घुटता है," म्हणाले. मग अस्तर शिवणाऱ्या दोघी आल्या. आम्ही चौघं झालो.

चौघं झालो त्या आठवड्यात मी गादी शिववली.

हे लपवण्यासारखं आहे, म्हणून सांगते. लाल खारव्याच्या जाड कापडाची गादी, आत नवा कापूस, मागे लोड. दारासमोर घातली. त्यावर मी बसायचे. माप मीच घ्यायचे, टोक मीच वळवायचे, पगडी मीच ठेवायचे. रहीमचाचा खाली चटईवर, दोघी मागे मोरीजवळ. पडदा लावला नव्हता. लावायची गरज पडली नाही. मान खाली घालणारी माणसं माझ्यासमोर येत होती आणि मी हात पुढे करत होते. मन भरत नव्हतं त्याने. बापूंसमोर दिवसात किती जण मान झुकवत असतील, याचा हिशेब मी तेव्हाही मनात करायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर एका आठवड्यात तीन पगड्या परत आल्या. तिन्ही घट्ट. दोरी मीच धरली होती, उघड्या डोक्यावर. मी दोघींवर ओरडले. "अस्तर कोणी आवळलं?" त्या खाली बघत राहिल्या. मी पगडी एकीच्या समोर फरशीवर टाकली. पगडी टाकल्याचा आवाज मला ओळखीचा होता. मी तो आठ वर्षं ऐकला होता, पण खालून.

रहीमचाचा तेव्हा बोलले. हळू बोलले.

"दोरी बदली है, बेटी."

"काय?"

"पुरानी दोरी टूट गई थी ना. नई सूत की है. भीगती है तो सिकुड़ती है."

खरं होतं. नवी दोरी मी आणली होती. पावसाळी हवेत ती आखडत होती. मोरीजवळ पगडीचं अस्तर मापाला धरताना तिथल्या ओलाव्याने आणखी आखडत होती.

"तुम्हांला कधीपासून माहीत आहे?"

"पहली पगड़ी से."

"आणि यांना?"

दोघींपैकी थोरली म्हणाली, "आम्हांला पण दिसत होतं, ताई."

"मग सांगितलं का नाही?"

रहीमचाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. गादीकडे बघितलं.

"गद्दी से कौन कहता है, बेटी?" मग म्हणाले, "वो टोपी वाली बात भी मैं आठ साल से देख रहा था."

मला आठवलं, मी उंबऱ्यावर उभी असताना ते सतरंजीवर बसून होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि मी ती पगडी घालून उभी होते. राग आला. मग दिसलं की मी मागितलं होतं ते हेच. बापूंची जागा. ती मला मिळाली होती, बापूंच्या आंधळेपणासकट.

त्याच दिवशी दुपारी मी गादी उसवली. कापूस पगड्यांच्या आत भरायला ठेवला. खारव्याची फडकी केली. एक फडकं खळीच्या भांड्याखाली अजून आहे.

तेव्हापासून आमच्याकडे असं चालतं. जो माप घेतो तोच अस्तर शिवतो, गुंडाळतो, खळ लावतो, टोक वळवतो आणि त्या माणसाच्या डोक्यावर पगडी ठेवतो. ज्यांना टोक येत नव्हतं त्यांना मी तांब्यावर शिकवलं. गिऱ्हाईक येईल तेव्हा ज्याचा हात मोकळा तो उठतो. चटई एकच. सकाळी जो आधी येतो तो दारात, उजेडात बसतो. शेवटी येईल तो मोरीजवळ. मी उशिरा आले तर मी मोरीजवळ. आणि कुणाचीही गाठ कुणीही तपासावी, चुकली असेल तर सोडून हातात परत द्यावी. रहीमचाचांनी माझी गाठ दोनदा सोडली आहे. दोन्ही वेळा मला संताप आला. दोन्ही वेळा मी पुन्हा माप घेतलं.

हेवा गेला नाही. कुणाचं टोक माझ्यापेक्षा सरळ वळलं तर आजही घरी जाऊन तांब्यावर धोतर गुंडाळते. गादी पुन्हा येणार नाही. माझ्यासाठी तर नाहीच.

खासगी बाजारातलं दुकान पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी बंद झालं. भाऊसाहेब मुलाकडे इंदूरला गेले, असं ऐकलं. बापू लष्करातच राहिले.

माघात एका सकाळी ते आमच्या दारात उभे होते. कोट इस्त्रीचा होता. कोपरावर विरला होता.

"तुमच्याकडे माणूस लागतो, असं समजलं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच "तुम्ही" म्हटलं होतं.

"डोक्याला हात लावाल?" मी विचारलं.

"कोणाच्या?"

"येईल त्याच्या."

ते रस्त्याकडे बघत राहिले. गिरणीचा भोंगा झाला. पाळीची माणसं जायला लागली.

"लावीन," ते म्हणाले.

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी रहीमचाचा सगळ्यांत आधी आले. मग थोरली, मग मी, मग धाकटी. बापू शेवटी आले. त्यांनी दाराजवळ बघितलं. तिथे रहीमचाचा होते. मोरीजवळची जागा रिकामी होती. ते तिथे बसले.

पहिलं गिऱ्हाईक स्टेशनवरचा हमाल होता. मुलाच्या लग्नात स्वतःसाठी पगडी हवी होती. बाकी सगळ्यांचे हात कामात होते. बापू उठले. हमालाने डोक्याचा पंचा सोडला. केस घामाने चिकटलेले होते. बापूंनी दोरी त्याच्या कपाळाला लावली, कानांवरून मागे नेली, गाठ मारली.

मी उठून गाठ तपासली. अर्धं बोट सैल होती. मी ती सोडली आणि दोरी त्यांच्या हातात परत दिली.

त्यांनी पुन्हा माप घेतलं.